वेषाआडील चेहरा

आमच्या देवघराशेजारील भिंतीवर माझ्या दिवंगत पत्नीची तसबीर आहे. ती एका लग्नांतील समूहचित्रांतून कापून मोठी केलेली. तींत तिची दृष्टि भलतीकडेच वळलेली आहे. अडतीस वर्षांच्या संसारांत तिचें एकहि नीट छायाचित्र मीं काढलें नाहीं, ही टोंचणी मनांत होती. म्हणूनच सहासष्टाव्या वर्षीं मीं कॅमेरा हातीं घेतला.

परंतु शिकावें कोणावर? घरांतील मंडळी कॅमेरा दिसतांच ताठ होत, नाहींतर 'पुरे आतां' म्हणून उठून जात. मांजर आणि जास्वंद यांपुढें माझी मजल जाईना.

अशांत नातवानें घरांत वादळ उठविलें. हा महाविद्यालयीन मुलगा रात्र-रात्र जागून फोमचें चिलखत कापीत बसे. चित्रकथेंतील योद्ध्याच्या वेषांत मुंबईच्या 'कॉमिक कॉन'ला जावयाचें, हा त्याचा निश्चय. त्याचे वडील संतापले व बोलेनासे झाले. शेवटीं वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच जा त्याच्याबरोबर. तुमचा कॅमेराहि घ्या."

या छंदास 'कॉस्प्ले' म्हणतात. इंग्रजींतील पोशाख व खेळ या अर्थाच्या दोन शब्दांची ही संधि १९८० नंतरच्या दशकांत जपानांत रूढ झाली. चाल मात्र जुनी. १९३९ सालीं न्यूयॉर्क येथें भरलेल्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा-संमेलनास मर्टल डग्लस व फॉरेस्ट अ‍ॅकरमन हीं दोघें भविष्यकाळचे पोशाख करून गेलीं होतीं. ते पोशाख डग्लसबाईंनींच तयार केले होते. आपल्याकडे 'कॉमिक कॉन' २०११ सालीं दिल्लीस प्रथम भरली, व मग मुंबईसहि भरूं लागली.

तेथें पोहोंचतांच मीं अधाशासारखीं चित्रें टिपलीं. सारीं फसलीं. नाकें फुगलेलीं, डोळ्यांच्या जागीं काळे खळगे, आणि मागें गर्दी. शेजारीं चित्रें काढणारी एक मुलगी हंसून म्हणाली, "आजोबा, आधी विचारा. वेष केला म्हणजे परवानगी दिली, असं नसतं. आणि जरा लांब उभे राहा."

त्या मुलीनें तासाभरांत जें शिकविलें, तें असें. फार जवळून चेहरा टिपल्यास पुढें असलेलें नाक मोठें दिसतें. म्हणून ८५ मिलिमीटरसारखें लांब पल्ल्याचें भिंग लावून दोन-अडीच मीटर मागें सरावें. छताचे दिवे डोळ्यांत सांवली पाडतात, शिरस्त्राण असल्यास अधिकच. यास्तव माणसास दाराशीं न्यावें, उजेड बाजूनें घ्यावा व हनुवटीखालीं पांढरा पुठ्ठा धरावा. छिद्राचा आंकडा १.८ सारखा लहान ठेविल्यास मागील गर्दी विरून जाते. नेम मात्र जवळच्या डोळ्यावरच हवा.

हीं मुलें शिकाऊ माणसास उत्तम, कारण तीं आपण होऊन पाहून घेण्यास आलेलीं असतात. तीं न कंटाळतां उभीं राहतात. पात्राची ढब त्यांस पाठ असते. परंतु येथेंच फसगतहि आहे. नाट्यशास्त्रांत अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. वेषभूषा ती आहार्य. अंतःकरणांतून उमटतें तें सात्त्विक. दुपारपर्यंत माझ्या कॅमेऱ्यांत केवळ आहार्यच भरत होतें. मग ध्यानांत आलें कीं, 'झालं' असें म्हटल्यावर ढब सुटते, श्वास खालीं येतो, आणि त्या क्षणीं वेषांतला माणूस दिसतो. तेव्हांपासून 'झालं' म्हटल्यावरहि मी बोट कळीवर ठेवूं लागलों.

संध्याकाळीं नातू पायऱ्यांवर बसला. शिरस्त्राण मांडीवर, कपाळीं घाम, आणि बोटें सुरीच्या व्रणांनीं भरलेलीं. मीं कळ दाबली. घरीं त्याच्या वडिलांनीं तें चित्र बराच वेळ पाहिलें, मग विचारलें, "हें सगळं तूं हातानं केलंस?" दोन महिन्यांत बापलेकांत झालेलें तें पहिलें बोलणें.

पुढच्या रविवारीं मीं वहिनींस शालू नेसून, नथ घालून खिडकीशीं बसविलें. प्रथम त्या नाटकांतल्या राणीसारख्या ताठ बसल्या. मी 'झालं' म्हणालों, तशा त्या स्वयंपाकघराकडे वळून म्हणाल्या, "अगं, दूध उतूं जाईल!" तेंच चित्र आतां दिवाणखान्यांत आहे.

परवां पत्नीच्या तसबिरीकडे पुन्हां निरखून पाहिलें. मूळ चित्रांत त्या बाजूस पंगत बसलेली होती. कोणाचें पान रिकामें आहे, हें ती पाहत असावी. ती टिपणारा छायाचित्रकार माझ्याहून चतुर नसेलहि, पण चित्र खोटें नाहीं.

वाचकहो, आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांचें एक चित्र या महिन्यांतच काढा. त्यांना विचारून, उजेडाशीं बसवून; आणि 'झालं' म्हटल्यावर क्षणभर थांबा.