एकोणिसाचे दोन तृतीयांश किती?

अमेरिकेतल्या हायस्कुलांत महाविद्यालयाच्या तोडीचे 'एपी' अभ्यासक्रम असतात. त्यातला एक विषय तुलनात्मक राजकारणाचा. त्यात देश सहाच: ब्रिटन, रशिया, चीन, इराण, मेक्सिको आणि नायजेरिया.

देशागणिक एकेक धडा उरकला, तर या विषयाचं निव्वळ सामान्यज्ञान होतं. जाणता शिक्षक एकच प्रश्न सगळ्या देशांना विचारायला लावतो. निवडणुकीला कोण उभं राहणार आणि कोण जिंकणार, हे ठरवतं कोण? इराणमध्ये लोक मतदान करतात, पण उमेदवारांना चाळणी लावतं १२ जणांचं पालक मंडळ; त्यातले सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो. मेक्सिकोत राष्ट्राध्यक्षाला सहा वर्षांची एकच कारकीर्द मिळते. तरीही तिथं एकच पक्ष, नावं बदलत, १९२९ पासून २००० पर्यंत सत्तेवर राहिला. निवडणुका होतात म्हणजे लोकशाही आहे, हा मुलांचा समज इथं पहिल्यांदा डळमळतो.

खरा कस लागतो तो नायजेरियापाशी. बियाफ्राच्या यादवी युद्धानं (१९६७ ते १९७०) पोळलेल्या या देशानं १९७९ मध्ये नवा नियम केला. राष्ट्राध्यक्षाला सर्वाधिक मतं मिळणं पुरेसं नाही; किमान दोन तृतीयांश राज्यांत प्रत्येकी एक चतुर्थांश मतंही हवीत. एका प्रदेशाच्या किंवा जमातीच्या बळावर कुणी देशाचा प्रमुख होऊ नये, हा हेतू. तेव्हा राज्यं होती १९. त्यांचे दोन तृतीयांश किती? बारा पूर्णांक दोन तृतीयांश! त्या वर्षीच्या निवडणुकीत सर्वाधिक मतं मिळवलेले उमेदवार शेहू शगारी यांनी १२ राज्यांत अट पुरी केली, तेराव्यात ते कमी पडले. प्रतिस्पर्धी ओबाफेमी अवोलोवो न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयानं शगारी यांचाच विजय ग्राह्य धरला. आज राज्यं ३६ आहेत, त्यामुळे भागाकार नीट २४ येतो. अट मात्र कायम आहे.

वर्गाला त्या न्यायाधीशांच्या जागी बसवावं. अपूर्णांकाच्या त्या वादात संघराज्य, जमातींमधली तेढ, न्यायालयाचा अधिकार, सगळं आपोआप येतं. आफ्रिकेतलं राजकारण म्हणजे नुसती टोळ्यांची भांडणं, हा आळशी शेराही मग टिकत नाही.

या सहांत भारत नाही, आणि ही अभ्यासक्रमाची मोठी उणीव आहे. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनी ती जेवणाच्या टेबलावर भरून काढावी. आपल्याकडेही सीबीएसईच्या दहावीच्या पुस्तकानं बेल्जियम आणि श्रीलंका शेजारी ठेवून सत्तेची वाटणी शिकवली आहे. अकरावी-बारावीच्या राज्यशास्त्राच्या शिक्षकांनी त्यापुढे एक तास नायजेरियाला द्यावा. आपल्या मतदारसंघात सर्वाधिक मतं मिळवणारा निवडून येतो, त्याला किमान टक्केवारीची अट नाही. ती असावी का, यावर मुलांना भांडू द्या.