मेणवलीचा वाडा



मागच्या खेपेस भारतात गेलो तेव्हा नातवाला घेऊन वाईला गेलो होतो. वाईपासून तीनेक किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली गाव आहे. तिथे नाना फडणवीसांचा वाडा आहे. 'स्वदेस' हा सिनेमा (२००४) ज्यांनी पाहिला, त्यांनी हे गाव आणि हा घाट पाहिलाच आहे.

मुलांनो, वाडा म्हणजे मधे मोकळं अंगण सोडून चारी बाजूंनी बांधलेलं मोठं घर. त्या अंगणाला चौक म्हणतात. मेणवलीच्या वाड्याला असे सहा चौक! जाड भिंती, लाकडी खांब, भिंतींवर जुनी चित्रं. बाहेर रणरणतं ऊन, पण आत पाऊल टाकलं की गारवा. मागच्या बाजूनं झाडांच्या सावलीतून उतरलं की थेट दगडी घाट आणि नदी. घाटावर देवळं आहेत, आणि एक मोठी घंटा. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई जिंकली, तेव्हाची ती.

नाना (१७४२–१८००) पेशव्यांचे कारभारी. पण त्यांचं भानू घराणं मूळचं कोकणातल्या वेळासचं, म्हणजे आपल्यासारखंच समुद्रकाठचं. घराणं घाट चढून देशावर आलं आणि नानांनी नदीकाठी हे घर उभं केलं. त्यांची मोडी लिपीतली कागदपत्रं याच वाड्यात सापडली. अभ्यासक त्यांना 'मेणवली दप्तर' म्हणतात.

नातवानं विचारलं, "सबा, एवढं जुनं घर पडलं कसं नाही?"

मी म्हटलं, "बाळा, घर आपोआप टिकत नाही, कुणीतरी टिकवावं लागतं. या घराच्या वंशजांनी ते सांभाळलं, डागडुजी केली." मग त्याला आमच्या घरची आगोट सांगितली. पाऊस यायच्या आधी बाबा शिडी लावून कौलं चाळायचे, फुटकी बदलायचे. आई जमीन सारवायची. एक वर्ष चुकलं की पाणी आत, दोन वर्षं चुकली की वाशाला वाळवी.

तो लगेच म्हणाला, "मग आपल्या घराची कौलं आता कोण चाळतं?"

काय सांगणार? आम्ही निघून आलो, मागे कुणी राहिलं नाही. आता तिथे जोत्याचे चार दगड आणि एक माड आहे.

परतताना गाडीत मी त्याला आपली आडनावं मोजून दाखवली. पेणकर, रोहेकर, नवगावकर, किहीमकर, अष्टमकर. प्रत्येकात एक गाव आहे. घर पडलं, पण नाव आपण इथवर आणलं. त्या नावामागचं घर मात्र कुणी सांगितलं नाही, तर तेही पडेल.

तेव्हा आजी-आजोबांनो, या शब्बाथला जेवणं झाली की नातवंडांना आपलं घर सांगा. दार कुठल्या दिशेला होतं, विहीर कुठे होती, खाडी किती लांब होती. आणि मुलांनो, तुम्ही कागद-पेन्सिल घ्या आणि त्या घराचं चित्र काढा. चुकलं तर आजी सांगेलच!