बक्षिसात गोड खाऊ नको

प्रति,
प्राथमिक शाळांची व्यवस्थापन मंडळे आणि मुख्याध्यापक, आयर्लंड

विषय : वर्गात बक्षीस म्हणून चॉकलेट-गोळ्या देण्याची पद्धत थांबवण्याबाबत

महोदय,

१९९८ च्या शिक्षण कायद्याच्या कलम २६ नुसार पालक संघटनेला मुख्याध्यापकांना आणि मंडळाला सल्ला देता येतो. आयर्लंडमधल्या शाळांत ज्यांची मुले शिकतात असे आम्ही मराठी पालक, आपापल्या शाळेच्या पालक संघटनेमार्फत हे मागणीपत्र देत आहोत.

शुक्रवारी स्पेलिंग बरोबर आले की जेली, पाढे म्हटले की लॉलीपॉप, रांगेत शांत उभे राहिले की चॉकलेट. यामागची माया आम्हाला दिसते. पण बऱ्याच जेलीच्या गोळ्यांत डुकराच्या किंवा गाईच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन असते. शाकाहारी घरातल्या सहा वर्षांच्या मुलीने काय करायचे? बाईंनी कौतुकाने हातावर ठेवलेली गोळी सगळ्यांसमोर परत करायची, की घरी न सांगता खाऊन टाकायची? मधुमेह असलेले मूल, ग्लूटेन न चालणारे मूल, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेले मूल, यांच्यावरही हीच वेळ येते. मेहनत सारखी करूनही बक्षीस काहींनाच घेता येते. म्हणून आमची मुख्य मागणी अशी : अभ्यास किंवा वागणूक यांच्या बदल्यात कोणताही खाद्यपदार्थ देऊ नये आणि तसे शाळेच्या आहार-धोरणात स्पष्ट लिहावे. साखर नसलेली गोळी हा यावरचा उपाय नव्हे.

शाळा एरवी जे शिकवते त्याच्याशीही ही प्रथा जुळत नाही. शिक्षण खात्याच्या २०१६ च्या परिपत्रकाने प्राथमिक शाळांवर निरोगी जीवनशैली रुजवण्याची जबाबदारी टाकली आहे. डब्यात चॉकलेट आणू नका, असे अनेक शाळा पालकांना बजावतात. ‘फूड ड्यूड्स’ उपक्रमात तर मुलांनी फळे-भाज्या खाव्यात म्हणून त्यांना छोट्या वस्तू बक्षीस मिळतात. त्याच वर्गात स्पेलिंगसाठी गोळी मिळाली, तर मुलाने कोणता धडा घ्यायचा? बालमानसशास्त्रज्ञ लिअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले की, बक्षीस म्हणून दिलेला खाऊ लहान मुलांना आधीपेक्षा जास्त आवडू लागतो. दातांसाठी तर साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली हेही महत्त्वाचे असते. वजनाचा मुद्दा आम्ही मुद्दाम मांडत नाही; वर्गात त्या चर्चेने मुले दुखावतात.

गोळीच्या जागी रोज नवे खेळणे द्यावे, असेही आमचे म्हणणे नाही. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्डच्या बालशाळेत चित्रे काढण्याची आवड असलेल्या मुलांना प्रशस्तिपत्राचे आमिष दाखवले. पुढे ती मुले आपणहून कमी चित्रे काढू लागली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अवचित मिळाले, त्यांची आवड मात्र टिकली. म्हणून बक्षीस मोजके असावे, शक्यतो आधी कबूल केलेले नसावे. एक दिवस गृहपाठाला सुट्टी, मैदानावरचा खेळ निवडण्याचा मान, आजची गोष्ट कोणती हे ठरवण्याचा हक्क, आयरिशमध्ये बोलण्याची धडपड करणाऱ्याचे नाव फलकावर, घरी दोन ओळींची चिठ्ठी : यातले बरेच काही कित्येक वर्गांत आजही चालते आणि त्याला खर्च येत नाही.

हे शिक्षकांविरुद्धचे गाऱ्हाणे नाही. आयरिश शाळांतून १९८२ मध्ये छडी गेली, ते योग्यच झाले. पण भरलेला वर्ग सांभाळण्याचे काम एकट्या शिक्षकावरच राहिले. अनेकजण या गोळ्या स्वतःच्या पैशांनी आणतात. स्टिकर, पेन्सिली, वर्गातली पुस्तके यांसाठी मंडळाने प्रत्येक वर्गाला छोटा निधी द्यावा, ही आमची दुसरी मागणी.

सण वेगळे. हॅलोवीन, नाताळ, दिवाळी या दिवसांचा खाऊ सगळ्यांचा असतो, तो कुणी कमवायचा नसतो. तो बंद करू नये. फक्त घटकांची यादी पालकांना आधी कळवावी आणि ज्याला तो चालत नाही त्याच्यासाठी त्याच वेळी वेगळ्या ताटात दुसरे काही ठेवावे.

आमच्याकडून, मुलांच्या वाढदिवसाला आम्ही वर्गात चॉकलेटे पाठवणार नाही. त्याऐवजी वर्गाच्या कपाटासाठी एक पुस्तक देऊ.

मंडळाने पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, शिक्षकांचे म्हणणे ऐकावे आणि निर्णय लेखी कळवावा. सप्टेंबरमध्ये वर्ष सुरू होताना पालकांना जाणाऱ्या पहिल्या पत्रात तो छापलेला असावा.

आपले,
आयर्लंडमधील मराठी पालक