बिडाच्या तोंडाशी

जुन्या मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनाचा बिडाचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड उतरवून त्याच्या तोंडात बोट फिरवून पाहा. ओतकामात राहिलेले कंगोरे लगेच हाताला लागतात. सिलिंडर हेडच्या तीन भोकांशी त्याची तोंडं ताडून पाहिली, की कुठेतरी एखादी बारीक पायरी दिसते. गरम वायूचा झोत तिथेच आपटतो. इथे पोर्टिंग म्हणजे ही पायरी काढणं. तोंडाभोवती निळी शाई फासायची, नवं पॅकिंग ठेवून सुईने रेघ ओढायची आणि ग्राइंडरला लावलेला कार्बाइडचा बर रेघेपर्यंतच न्यायचा, धीराने, भिंत पातळ न करता. मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या भोकापेक्षा केसभर मोठं राहिलं तर बरंच, मागे फिरणारा वायू त्या कडेवर अडतो. लहान मात्र राहता कामा नये. आरशासारखी चकाकी आणायला बसू नका, काजळी ती चार दिवसांत झाकते. साध्या गाडीची ताकद याने फारशी वाढत नाही, हे खरंच. तरी मला हे काम मनापासून आवडतं, कारण इंजिन श्वास कसा सोडतं ते त्यातून हाताला कळतं. गंजलेले स्टड मात्र आदल्या रात्रीच तेलात भिजवा. जोर केलात तर ते हेडमध्येच मोडतात. आणि गॉगल-मास्क लावल्याशिवाय ग्राइंडरचं बटण दाबू नका, बिडाची भुकटी थेट छातीत जाते.