आई दाखवा, मगच पैसे

तेरेखोल नदीच्या अलीकडे सिंधुदुर्गातले आरोंदा, पलीकडे गोव्याच्या पेडणे तालुक्यातले किरणपाणी; मधे फक्त एक पूल. गोवा विधानसभेने २०२५ मध्ये हिंस्र ठरवलेल्या जातींच्या कुत्र्यांना आळा घालणारे विधेयक मंजूर केले. आसगावात ऑगस्ट २०२४ मध्ये पिटबुलच्या हल्ल्यात सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता, त्यानंतरचे हे पाऊल. एका काठावर धंद्याला अटकाव झाला की तो दुसरा काठ शोधतो, हे दारूचा अनुभव असलेल्या या पट्ट्याला वेगळे सांगायला नको. आरोंद्यात, सातार्ड्यात, बांद्यात उद्या ‘पेपरवाली’, म्हणजे वंशावळीचा कागद असलेली, पिल्ले विक्रीला आली तर ती तपासायची कोणी, हे सिंधुदुर्गाने आजच ठरवावे.

जातींची यादी केली की काम झाले, या भ्रमात मात्र कोणी राहू नये. केंद्रानेही १२ मार्च २०२४ रोजी २३ जातींविरुद्ध परिपत्रक काढले होते. संबंधितांचे म्हणणेच ऐकले नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरात रद्द केले. अंधाऱ्या खुराड्यात, वेतामागून वेत काढून थकलेल्या मादीच्या पोटी जन्मलेले लॅब्रॅडोरही घराला तापच देते. भित्रे, आजारी पिल्लू मोठेपणी चावरे निघाले, तर दोष जातीच्या माथी मारून मोकळे होणे सोपे.

अशा पैदाशीला आळा घालायला नव्या कायद्याची गरज नाही. श्वान पैदास व विक्रीचे केंद्रीय नियम २०१७ पासून लागू आहेत. पैदासकाराने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. मादी दीड वर्षाची होण्याआधी आणि आठ वर्षांनंतर तिला भरवायचे नाही. वर्षाला एकच वेत, जन्मात पाच. रक्ताच्या नात्यातली जोडी लावायची नाही. आठ आठवडे भरण्याआधी पिल्लू विकायचे नाही आणि विकताना त्याला मायक्रोचिप हवी. इतके नेटके नियम, पण ते मोडल्यास १९६० च्या मूळ प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दंड किती? फार तर शंभर रुपये! कैद तीन महिन्यांपर्यंत होऊ शकते, हे कागदावर. पाच आकडी किमतीला पिल्लू विकणाऱ्याला शंभराची नोट म्हणजे चहापाणी.

ग्राहकही साळसूद नाही. म्हैस घ्यायची तर कोकणातला माणूस दात पाहतो, कितवे वेत ते विचारतो, समोर धार काढून घेतो. तोच माणूस मोबाइलवर फोटो पाहून पैसे पाठवतो आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्समधून आलेला खोका सकाळी नाक्यावर उतरवून घेतो. खोक्यातल्या पिल्लाच्या दाढा अजून पुरत्या फुटलेल्या नसतात, पोट जंतांनी टम्म फुगलेले असते. चार दिवसांत रक्ताची हगवण लागते आणि डॉक्टर ‘पार्व्हो’ म्हणतात. त्या विषाणूचा अंश अंगणातल्या मातीत कित्येक महिने तग धरतो. घाईने आणलेले दुसरे पिल्लूही त्याच वाटेने जाते.

पग हे तर आपण डोळे उघडे ठेवून विकत घेतलेले दुखणे. २००३ मध्ये ‘हच’च्या जाहिरातीत मुलामागून धावणारा पग देशभर लाडका झाला. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग निववतो. चपट्या नाकाच्या प्राण्याला तेवढीही सोय धड नाही, त्यात मे महिन्यातली आपली दमट हवा. नेदरलँड्सने २०१९ पासून अशा अतिचपट्या नाकांच्या पैदाशीवर निर्बंध आणले. किनाऱ्यावर हस्की पाळण्याच्या हौसेबद्दल तर न बोललेलेच बरे. इथल्या गोचिडांना सरावलेला, काजूच्या बागेत रात्र काढणारा गावठी कुत्रा अनेक घरांना पुरेसा आहे. तरीही जातिवंतच हवा असेल, तर हौसेला आमचा विरोध नाही. तिची किंमत मुक्या जनावराने चुकवू नये, इतकेच.

म्हणून खरेदीदाराने एक हट्ट धरावा: पिल्लू त्याच्या आईजवळ दाखवा. इंग्लंडने एप्रिल २०२० पासून दलालांमार्फत पिल्ले विकायलाच बंदी केली. पैदासकाराने आईसह पिल्लू दाखवलेच पाहिजे. आई उठते-बसते कशी, मागचे पाय ओढते का, परक्याला पाहून कोपऱ्यात दडते का, हे पाहायला पशुवैद्य लागत नाही. जर्मन शेफर्ड, लॅब्रॅडोरमध्ये खुब्याचा दोष आनुवंशिक असतो, तेव्हा आईबापांचे एक्स-रे मागावेत. केनेल क्लबचा कागद वंशावळ सांगतो, प्रकृती नव्हे. चिपचा क्रमांक यंत्राने वाचून कागदाशी ताडावा. विकणारा ‘आई गावाला आहे’ म्हणाला, तर पैसे खिशातच ठेवून परतावे.

बाकीचे काम सरकारचे. सावंतवाडी तालुक्यातल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांत चिप वाचणारी यंत्रे हवीत आणि आरोंद्याच्या पुलाजवळ अधूनमधून तपासणी व्हावी. प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर जिल्ह्यातल्या नोंदणीकृत पैदासकारांची यादी लावावी. ती कोरीच निघाली, तर जिल्ह्यात पैदास करून विकले जाणारे प्रत्येक पिल्लू बेकायदा आहे, एवढे तरी चारचौघांत जाहीर होईल.