बिग-ब्लॉक इंजिन बांधायचंय? मग हॉर्सपॉवरचा आकडा सगळ्यात शेवटी ठरवा

डिसेंबर २०२३ मध्ये डॉजने पेट्रोलवरची चॅलेंजर बंद केली. त्याच सुमारास शेवर्लेची कॅमॅरोही थांबली. 'व्ही-८ संपलं, आता इलेक्ट्रिकच' असं सगळेच म्हणायला लागले. मग जून २०२५ मध्ये रॅमने जाहीर केलं की त्यांच्या पिकअपमध्ये हेमी व्ही-८ परत येतंय. पुढच्याच महिन्यात अमेरिकेत नवा कायदा झाला आणि मायलेजचे निकष न पाळणाऱ्या कार कंपन्यांचा दंड थेट शून्यावर आला. म्हणजे दीड वर्षात 'संपलं'चं 'परत आलं' झालं!

या गोंधळात एक गट मात्र निवांत आहे. १९७० च्या आसपासची मसल कार घेऊन तिचं इंजिन स्वतः बांधणारे लोक. कॅलिफोर्नियासारख्या कडक राज्यातही १९७५ पर्यंतच्या गाड्यांना नियमित धूर-तपासणीतून सूट आहे. त्यांना खरा धोका कायद्याचा नाही, चुकीच्या प्लॅनिंगचा आहे.

बिग-ब्लॉक म्हणजे नेमकं काय?

व्ही-८ म्हणजे व्ही आकारात बसवलेले आठ सिलिंडर. शेवर्लेच्या स्मॉल-ब्लॉकमध्ये शेजारच्या दोन सिलिंडरच्या मध्यबिंदूंमधलं अंतर ४.४ इंच, तर १९६५ मध्ये आलेल्या बिग-ब्लॉकमध्ये ४.८४ इंच. जागा जास्त, म्हणून सिलिंडरही मोठे. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चं इंजिन ७.४ लिटरचं होतं. त्यातला एकेक सिलिंडर सुमारे ९३० सीसीचा. आपल्या मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं, यावरून अंदाज घ्या.

त्याच्या एलएस६ आवृत्तीची ताकद कंपनीने ४५० हॉर्सपॉवर सांगितली होती. पण तेव्हाचं मोजमाप इंजिन गाडीबाहेर काढून, एअर फिल्टर आणि गाडीचा सायलेन्सर न लावता व्हायचं. म्हणून तो आकडा आजच्या गाडीशी सरळ ताडून पाहता येत नाही. फोनचा बेंचमार्क स्कोअर आणि रोजचा वापर यात असतो तसाच हा फरक.

मग प्लॅनिंग कुठून सुरू करायचं?

१. वापर. गाडी रविवारी फिरवायची की ड्रॅग स्ट्रिपवर पळवायची? पुढचं सगळं यावर ठरतं.

२. पेट्रोल. एलएस६ चा कॉम्प्रेशन रेशो ११.२५ होता, कारण तेव्हा शिसं घातलेलं जास्त ऑक्टेनचं पेट्रोल मिळायचं. आजच्या पंपावरच्या पेट्रोलवर, लोखंडी हेड ठेवून तेवढं कॉम्प्रेशन दिलं तर स्पार्कची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण स्वतःहून पेटू शकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि त्याने पिस्टन फुटतात. म्हणून रस्त्यावरच्या गाडीत साधारण ९.५ ते १० च्या आसपास राहणं शहाणपणाचं. ॲल्युमिनियम हेड उष्णता लवकर बाहेर काढतं, त्यामुळे त्यात थोडं जास्त चालतं.

३. क्षमता. ४५४ चे सिलिंडर ०.०६० इंच मोठे केले आणि स्ट्रोक ४ वरून ४.२५ इंच केला की ४९६ घन इंच, म्हणजे ८.१ लिटर होतात. पण आधी सिलिंडरच्या भिंतींची जाडी अल्ट्रासोनिक यंत्राने मोजून घ्या. पन्नास वर्षांच्या ब्लॉकवर डोळे झाकून विश्वास नको.

४. कॅमशाफ्ट. सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. मोठा कॅम लावला की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, गाडी सिग्नलला थरथरते आणि इंजिनमधला व्हॅक्यूम कमी होतो. पॉवर ब्रेकचा बूस्टर त्याच व्हॅक्यूमवर चालतो. म्हणजे 'दमदार आवाज' हवा म्हणून निवडलेला पार्ट थेट ब्रेकला नडतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला डिपेंडन्सी म्हणतो. एक लायब्ररी बदलली आणि भलतंच काहीतरी बंद पडलं!

५. बाकीची गाडी. रेडिएटर, गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल आणि ब्रेक. बजेट इंजिनवरच संपवलं तर गाडी गॅरेजमध्येच राहते.

एवढा खटाटोप कशासाठी?

वेगासाठी म्हणाल, तर आजची एखादी चांगली इलेक्ट्रिक कार सरळ रस्त्यावर याला मागे टाकेल. धूरही हे इंजिन भरपूर सोडतं, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण २०२० पासूनच्या सी८ कॉर्व्हेटचा इंजिन-कॉम्प्युटर एन्क्रिप्टेड आला. आपल्याच गाडीचं ट्युनिंग बदलायचं तर आधी कुलूप फोडायचं. जुन्या बिग-ब्लॉकला पासवर्ड नाही. कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन बसवलं, तरी कोणता कंट्रोलर लावायचा हे मालक ठरवतो.

तुमच्या फोनची बॅटरी तुम्हाला स्वतःला बदलता येते का, हा प्रश्न यापेक्षा फार वेगळा नाही. व्ही-८ ठेवायचं की काढायचं, हे कंपन्या धोरण बघून ठरवत राहतील. पण पाना, मायक्रोमीटर आणि वर सांगितलेला क्रम हातात असेल, तर १९७० चं इंजिन आजही खोलून, समजून घेऊन पुन्हा चालू करता येतं.