चटणीपुढची मातीची पाटी

पदार्थाशेजारी ठेवायची मातीची पाटी म्हणजे भाजलेल्या मातीचा बोटभर उंचीचा तुकडा. त्यावर पदार्थाचे नाव असते किंवा त्याविषयीची एखादी सूचना. जेवण उरकले की ती धुऊन पुढच्या कार्यासाठी ठेवून देता येते. पंगतीत तिची गरज पडत नाही, कारण तिथे वाढपी असतो. तो पदार्थाचे नाव पुकारत पुढे सरकतो, आणि पाहुण्याला शंका असली तर तो पानावर हात आडवा धरून विचारून घेतो. टेबलावर भांडी मांडून ‘हाताने घ्या’ म्हटले की हे विचारणे-सांगणे बंद पडते. घरची माणसे नेमकी त्याच वेळी तव्यापाशी किंवा दारात पाहुण्यांच्या स्वागतात अडकलेली असतात.

शिरूर आणि दौंड तालुक्यांत ही अडचण सर्वांत जास्त दिसते ती हुरड्याच्या दिवसांत. डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत गुळभेंडी किंवा सुरती ज्वारीची कोवळी कणसे गोवऱ्यांच्या आगटीत भाजायची, तळहातावर चोळायची आणि गरम दाणे चटण्यांबरोबर खायचे. चटण्या एकदोन नसतात. शेंगदाण्याची, लसूण-खोबऱ्याची, तिळाची, जवसाची, कारळ्याची अशा त्या ओळीने मांडलेल्या असतात. तिखट पडले की दाण्याची आणि लसूण-खोबऱ्याची सारख्याच लाल दिसतात. जवस आणि कारळे वेगळे ओळखायला सरावाची नजर लागते. शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीसारख्या गावांत कृषी पर्यटनामुळे शहरातले पाहुणे शेतावर येतात, त्यांना तो सराव नसतो. शेतावर वारा असतो, त्यामुळे कागदाच्या चिठ्ठ्या पहिल्या दहा मिनिटांत बांधाकडे निघून जातात. मातीची पाटी जागची हलत नाही.

चवीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न दाण्याचा आहे. पाकीटबंद पदार्थावर शेंगदाणा, दूध, अंडे, मासे, सोयाबीन, गहू अशा ॲलर्जी होऊ शकणाऱ्या घटकांचा उल्लेख करणे भारतीय अन्नसुरक्षा नियमांनुसार बंधनकारक आहे. घरच्या जेवणाला असा नियम नाही. या भागातल्या स्वयंपाकात मात्र दाण्याचे कूट भरल्या वांग्यात असते, काकडीच्या कोशिंबिरीत असते, साबुदाण्याच्या खिचडीत असते, अनेक घरांच्या ठेच्यातही असते, आणि बहुतेक ठिकाणी ते डोळ्यांना दिसत नाही. मासवडीची गंमत उलटी. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या पट्ट्यातला हा बेसनाच्या पारीत तीळ, खोबरे, लसणाचे सारण भरून केलेला शाकाहारी पदार्थ नावामुळे परक्या पाहुण्याला मासे वाटतो. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत किंवा दौंडच्या रेल्वेत नोकरीसाठी बाहेरच्या राज्यांतून आलेले शेजारी जेवायला बोलावले, तर नुसती ‘मासवडी’ अशी पाटी ठेवणे हे काहीच न ठेवण्यापेक्षा वाईट. तिच्याजवळ ‘शाकाहारी’ हवेच.

यातूनच पाट्या करण्याचा मुख्य नियम निघतो. पदार्थांची नावे दर वेळी बदलतात, सूचना मात्र त्याच राहतात. म्हणून मातीत कायमचे कोरायचे ते सूचनेचे शब्द: ‘दाणे आहेत’, ‘दूध आहे’, ‘अंडे आहे’, ‘तिखट’, ‘साखर नाही’, ‘कांदा-लसूण नाही’, ‘उपवासाचे’, ‘मांसाहारी’. नावांसाठी कोऱ्या पाट्या ठेवाव्यात. झिलई नसलेल्या भाजक्या मातीवर खडूने छान लिहिता येते आणि ओल्या फडक्याने ते पुसलेही जाते. हौसेने ‘बासुंदी’, ‘पुलाव’ अशी नावे कोरून बारा पाट्यांचा संच करणारे त्यातल्या दोनच पुन्हा वापरतात. बाकीच्या फळीवर धूळ खातात.

सूचनांचे शब्दही तपासून घ्यावे लागतात. ‘कांदा-लसूण नाही’ ही पाटी पाहून जैन पाहुणा निर्धास्त होईल असे नाही. त्याला बटाटा, गाजर, रताळेही चालत नसेल, म्हणून ‘कंदमुळे नाहीत’ ही वेगळी पाटी लागते. ‘उपवासाचे’ हा शब्द तर सर्वांत निसरडा. साबुदाणा, वरई, राजगिरा यांवर फारसे मतभेद नाहीत, पण कोथिंबीर एका घरात चालते आणि शेजारच्या घरात चालत नाही. नुसते ‘उपवासाचे’ लिहून यजमान सुटतो, पाहुणा सुटत नाही. शेजारच्या कोऱ्या पाटीवर खडूने ‘कोथिंबीर घातली आहे’ एवढे लिहिले की काम होते. पुणेरी पाटीची परंपरा जवळ असली तरी तिचा तिरकसपणा इथे आणू नये. भुकेल्या माणसाला दोन शब्दांपलीकडे वाचायचे नसते.

माती निवडताना बहुतेकांची पहिली चूक शाडूची असते. गणपतीच्या दिवसांत शाडू सहज मिळतो, हाताला मऊ लागतो आणि त्यावर रेघ सुबक उठते. पण शाडूची वस्तू न भाजता नुसती वाळवलेली असते, आणि पाण्यात विरघळावी हाच तिचा गुण मानला जातो. अशी पाटी पहिल्याच धुण्यात चिखल होते. रंगीत पॉलिमर क्ले ही खरे तर माती नव्हेच. ते पीव्हीसी प्लास्टिक असते आणि घरच्या ओव्हनमध्ये सुमारे 130 अंशांवर घट्ट होते. त्याच्या पाट्या टिकतात, पण त्या अन्नात खोचू नयेत. घरच्या ओव्हनमध्ये खरी माती भाजण्याचा खटाटोपही व्यर्थ आहे. मातीच्या कणांत रासायनिक रीतीने बांधलेले पाणी साधारण 450 ते 600 अंशांच्या दरम्यान निघून जाते. त्यानंतरच ती पुन्हा कधी चिखल न होणारी माती बनते. घरचा ओव्हन 250 अंशांच्या आसपास थांबतो. वर्षभर तापवला तरी त्यातून फक्त कोरडी माती बाहेर येईल.

शेतातली काळी माती आणून सुरुवात करण्याचा मोहही टाळावा. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या मातीतले कण पाणी पिऊन फुगतात आणि वाळताना तितकेच आकसतात. उन्हाळ्यात रानाला पडणाऱ्या भेगा हे त्याचेच रूप. पातळ पाटीला त्याच भेगा पडतात. कुंभार हा दोष जाणतो, म्हणून तो मातीत नदीकाठचा किंवा तळ्यातला गाळ, राख, लीद असे काहीतरी मिसळतो, दगड-मुळे चाळून काढतो, भिजत ठेवतो आणि मग मळतो. भीमा, घोड आणि मुळा-मुठेच्या काठच्या या प्रदेशात गाळ आणि कुंभाराचे चाक ही जोडी जुनी आहे. ज्याला पाट्याच करायच्या आहेत, त्याने मळलेली तयार माती कुंभाराकडून घ्यावी. एक किलोत सात सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर उंच आणि सहा मिलिमीटर जाड अशा वीसेक पाट्या सहज निघतात.

लाटण्यासाठी पोळपाट चालतो, मात्र तो मग पोळ्यांसाठी वापरू नये. त्यावर जाडसर सुती कापड अंथरावे, म्हणजे माती चिकटत नाही. गोळ्याच्या दोन्ही बाजूंना सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवले की सगळीकडे सारखी जाडी येते. सारखी जाडी हा दिखाव्याचा भाग नाही. पातळ कडा आधी वाळते, जाड मध्य मागे राहतो आणि दोघांच्या ओढाताणीत पाटी वाकते. सुरीने आयत कापावेत आणि कडा ओल्या बोटाने गोल करून घ्याव्यात, कारण धारदार कोपऱ्याचाच टवका आधी उडतो. माती वाळताना व भाजताना आकसते. किती, ते त्या मातीवर अवलंबून असते. एका तुकड्यावर बरोबर 10 सेंटिमीटरची रेघ ओढून ठेवावी आणि भाजल्यावर ती मोजावी. पुढच्या खेपेचे सगळे हिशेब त्या एका रेघेवरून होतात.

पाटी उभी राहण्यासाठी सर्वांत सोपा उपाय म्हणजे खाच असलेला जाड ठोकळा. त्यात पाटी थोडी मागे कलती बसवायची. खाच पाटीच्या जाडीपेक्षा किंचित रुंद ठेवावी. एकच ठोकळा मग कोणत्याही पाटीला चालतो. दुसरा प्रकार वरच्या बाजूला भोक पाडून सुतळीने पातेल्याच्या कडीला किंवा टोपलीला अडकवायचा. भोक काठापासून निदान एक सेंटिमीटर आत हवे. खालून टोक काढून भातात किंवा शिऱ्यात खोचायची पाटी चित्रात सुंदर दिसते, पण ती करू नये. भाजकी माती सच्छिद्र असते. तूप-तेल तिच्यात मुरते आणि पुन्हा निघत नाही.

अक्षरे कोरण्याची वेळ साधणे हा या कामातला खरा कौशल्याचा भाग. माती फार ओली असताना कोरले तर रेघेच्या दोन्ही कडांना माती वर उठते आणि अक्षर फाटके दिसते. फार वाळल्यावर कोरले तर कपच्या उडतात. अंगठा दाबला तर ठसा उमटत नाही, पण नखाने ओरखडा निघतो, ती वेळ योग्य. पावसाळ्यात ती यायला दीड दिवस लागतो, चैत्रात दुपारपर्यंत येऊन निघूनही जाते. संपलेल्या बॉलपेनची रिकामी नळी किंवा विणकामाची सुई पुरते. आधी शिरोरेषा कोरू नये. लांब सरळ खोल रेघ म्हणजे पाटी तुटण्यासाठी आखून दिलेली जागाच. अक्षरे खाली कोरून घ्यावीत आणि शिरोरेषा शेवटी, उथळ ओढावी, किंवा प्रत्येक अक्षरापुरती तोडून घ्यावी. अनुस्वाराचे टिंब टोचून पाडावे. जोडाक्षरे लहान आकारात बुजतात, म्हणून शब्द निवडतानाच साधे घ्यावेत. ‘दुग्धजन्य’ कोरण्यापेक्षा ‘दूध आहे’ कोरणे सोपे, आणि वाचायलाही सोपे. एकाच शब्दाच्या पुष्कळ पाट्या हव्या असतील तर ठसा करावा. ठशावर अक्षर उलटे लागते हे लाकडावर कोरून झाल्यानंतर आठवते, म्हणून आधी कागदावर लिहून तो आरशापुढे धरावा.

शाकाहार-मांसाहाराच्या खुणेसाठी रंगावर विसंबू नये. भाजकी माती स्वतःच तांबूस तपकिरी असते, तिच्यावर तपकिरी ठिपका दिसणार नाही. पाकिटांवरची खूण 2020 च्या नियमावलीत बदलली, ते इथे उपयोगी पडते. मांसाहारासाठी चौकटीतल्या तपकिरी गोलाऐवजी आता तपकिरी त्रिकोण आहे, शाकाहाराचा हिरवा गोल तसाच आहे. गोल आणि त्रिकोण कोरता येतात, आणि कंदिलाच्या उजेडातही ओळखू येतात. अक्षरे उठून दिसावीत म्हणून भाजल्यानंतर खाचांत पांढरा ॲक्रिलिक रंग भरून वरचा लगेच पुसून घ्यावा.

वाळवणे सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर. पहिल्या दिवशी वर कापड झाकावे, नंतर पाट्या उलटसुलट करत राहाव्यात. पूर्ण वाळली की नाही ते पाहायला पाटी गालाला लावावी. गार लागली तर आत ओल आहे. अशी पाटी भट्टीत गेली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि पाटी फुटते. फुटताना शेजारचे दोन माठ घेऊन फुटते, त्यामुळे कुंभार अनोळखी माणसाच्या पाट्या घ्यायला कचरतो, हे समजून घ्यावे.

भाजण्यासाठी कुंभाराचा आवा हाच उत्तम. त्यात साधारण 700 ते 900 अंशांपर्यंत उष्णता जाते, आणि पणत्या-माठांच्या मधल्या फटींत वीसेक पाट्या सहज मावतात. कुंभाराचे वर्ष मात्र सणांनी भरलेले असते: संक्रांतीची सुगडे, उन्हाळ्याचे माठ, अक्षय्य तृतीयेची केळी, पोळ्याचे बैल, नवरात्राचे घट, दिवाळीच्या पणत्या. कोजागरीच्या आसपास कोणी पाट्या घेऊन गेले तर तिथे त्यांच्याकडे पाहायलाही कोणाला सवड नसते. दिवाळीनंतर आणि सुगडांची घाई सुरू होण्यापूर्वीचे दिवस सोयीचे. हुरड्याला पाट्या हव्यात तरी तेच दिवस बरोबर येतात.

चांगली भाजलेली पाटी नखाने टिचकी मारली की खणखणते, कच्ची राहिलेली बद्द वाजते. ही परीक्षा या मातीला नवी नाही. शिरूर तालुक्यातल्या घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या त्या कामातून इसवी सनापूर्वी सुमारे 1600 ते 700 या काळातल्या शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. तिथली जोर्वे पद्धतीची तांबडी, काळ्या नक्षीची भांडी इतकी पक्की भाजलेली आहेत की टिचकीला धातूसारखा नाद येतो. त्याच वस्तीत एका घराच्या जमिनीखाली कच्च्या मातीची शिरविहीन देवी, बैलासह, मातीच्या डबीत ठेवलेली सापडली. पुरलेली कच्ची माती तीन हजार वर्षे राहिली. रोज धुतली जाणारी वस्तू मात्र भाजलेलीच हवी.

वापरानंतर पाट्या गरम पाण्याने आणि ब्रशने धुवाव्यात. साबण वापरू नये, तो छिद्रांत मुरून वास धरतो. हळदीचा डाग पडला तर पाटी दोन दिवस उन्हात ठेवावी, उन्हाने हळदीचा रंग विटतो. तेलाचा डाग उन्हाने जात नाही. अशा पाट्या बाजूला साठवून पुढच्या आव्यात पुन्हा द्याव्यात, तेल जळून जाते. रंग भरलेल्या पाट्यांना ही सवलत नाही, कारण रंगही जळतो. ठेवताना त्या उभ्या, मध्ये कागद घालून डब्यात लावाव्यात, आणि पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय झाकण लावू नये, नाहीतर बुरशी धरते. फुटलेल्या पाटीची खापरी कुंडीच्या तळाच्या भोकावर ठेवायला चालते, आणि कुंभाराकडे दिली तर तो ती कुटून, चाळून पुढच्या मातीत मिसळू शकतो. त्या भुकटीमुळे नवी माती कमी आकसते.